वध आणि निर्वहण : मराठी नाटकातील खलाच्या शेवटाविषयी

आमच्याकडे कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे कारीट फोडतात. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते कडू फळ ठेवायचे, जोर द्यायचा, फट् असा आवाज झाला की नरकासुर मेला. मग त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. ज्याला पायाखाली चिरडले त्याचीच चव का घ्यायची, हे मी आजीला दरवर्षी विचारत असे. ‘लावायचा असतो’ यापलीकडे तिच्याकडे उत्तर नव्हते. पुढे पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले, की नरकासुराने मरताना वर मागून घेतला आहे : या दिवशी पहाटे जो स्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये. म्हणजे आपण उटणे लावून बसतो ते खलाच्या शेवटच्या इच्छेखातर.

गेली काही वर्षे मी मराठी नाटकांतील खलपात्रांच्या शेवटाची टिपणे काढत आहे. कुठल्या विद्यापीठासाठी नव्हे. नोकरी सांभाळून, ग्रंथालयाच्या वेळा पाळून जमले तेवढे. खलनायकाच्या स्वभावाविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले. तो दुष्ट का झाला, त्याला माणूसपण आहे की नाही, हे प्रश्न परीक्षेतही येतात. त्याच्या पराभवाविषयी मात्र समीक्षक एका वाक्यात उरकतात : ‘अखेर खलाचे पारिपत्य होते आणि नाटक संपते.’ या वाक्यातल्या ‘आणि’वर माझा आक्षेप आहे. पारिपत्य होणे आणि नाटक संपणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. संस्कृत नाट्यशास्त्राने शेवटच्या संधीला निर्वहण म्हटले. आधीच्या चार संधींत विखुरलेले धागे एकत्र आणून त्यांची गाठ घालणे, असा त्याचा अर्थ. खलाचा वध हा फार तर त्यातला एक धागा. वधालाच निर्वहण समजले की काय होते, ते पाहण्यासाठी हा लेख.

सुरुवात नाटकाच्या आधीपासून करावी लागेल, कारण आपल्या लोकपरंपरेने हा प्रश्न नाटककारांच्या आधी आणि अधिक धीटपणे हाताळला आहे. खंडोबाची कथा घ्या. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ, अपराध सारखाच, मारणारा देव एकच. तरी शेवट दोन. मणी हरल्यावर शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवळात आपल्याला जागा असावी असे मागतो. ती त्याला मिळते. मल्ल मरतानाही संहारच मागतो, म्हणून त्याचे शिर पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली. दुसऱ्या एका कथेत मल्लालाही पश्चात्ताप होतो आणि तो मागतो ते नाव : देवाच्या नावाआधी माझे नाव यावे. ‘मल्हारी’ म्हणताना आपण आधी मल्ल म्हणतो, मग त्याचा अरी. या दोन कथांपैकी जुनी कोणती, खरी कोणती, या वादात मला शिरायचे नाही. मला त्यात कथाकाराची समज दिसते. शत्रू मेल्यावर त्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याने टाळलेला नाही. गाभाऱ्याजवळ, पायरीखाली की नावात? कुठे ना कुठे जागा द्यावीच लागते. म्हसोबा आणि महिषासुर यांचा संबंध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवला, तिथेही हेच आहे. देवीने ज्याला मारले असे पुराण सांगते, त्यालाच गावशिवेवर शेंदूर लागतो.

बळीची गोष्ट याहून अवघड. पाताळात ढकललेल्या राजाची आठवण म्हणून पाडव्याला त्याच्या राज्याची मागणी करणारा समाज दुसरीकडे क्वचितच सापडेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ती गोष्ट उलटी वाचली, बळीला न्यायी राजा आणि वामनाला उपरा ठरवले. पण उलटी वाचता यावी एवढी फट त्या गोष्टीच्या शेवटातच होती. पराभूताला वर्षातून एकदा परत यायची मुभा जिथे आहे, तिथे खटला बंद झालेला नसतो.

आणि आमचा संकासुर. दशावतारी नाटकात त्याचा वध शेवटी होत नाही, सुरुवातीलाच होतो. आडदशावतारात तो काळा पायघोळ वेश आणि काळा बुरखा घालून, लाल जीभ लोंबवत येतो, भटाशी मालवणीत हुज्जत घालतो, लोकांना हसवून हसवून बेजार करतो, आणि मग विष्णू येऊन त्याला मारतो. मारणे दोन-चार मिनिटांचे. खरे आख्यान त्यानंतर सुरू होते. लहानपणी संकासुर संपला की आम्ही पोरे मंडपातच झोपी जात असू. आमच्या लेखी नाटक संपलेले असे. मोठी माणसे मात्र तेव्हा सरसावून बसत. लहान मुलाची समज आणि जाणत्याची समज यांतला फरक मला आजही याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

महाभारतकार या बाबतीत जाणत्यांतला जाणता. कीचकवध आपल्याला आठवतो तो नृत्यशाळेपर्यंत : अंधार, द्रौपदीच्या जागी भीम, कीचकाच्या देहाचा केलेला गोळा. गोष्ट तिथे थांबत नाही. कीचकाचे भाऊबंद, उपकीचक, द्रौपदीला पकडतात. हिच्यापायी आमचा भाऊ मेला, तेव्हा त्याच्याबरोबर हिलाही जाळू, असे म्हणून तिला स्मशानाकडे नेतात. विराट राजा त्याला संमती देतो. भीमाला पुन्हा धावावे लागते, आणखी शंभरावर माणसे मरतात. त्यानंतरचा प्रसंग तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत. राजा घाबरतो आणि राणी सुदेष्णेकरवी द्रौपदीला निरोप देतो, की तू आता इथून जा. अत्याचार करणारा मेला, आणि राज्याला भीती वाटू लागली ती जिच्यावर अत्याचार झाला तिची. द्रौपदी आणखी तेरा दिवसांची मुदत मागते. जिच्यासाठी वध झाला तिला वधानंतर राहायला जागा मागावी लागते, हे लिहिणाऱ्याला खल म्हणजे एक माणूस नसतो हे पक्के ठाऊक होते.

दुर्योधनाच्या शेवटाविषयी एवढेच सांगतो, की त्याची मांडी नियम मोडून फोडली जाते, बलराम संतापतो, पडलेला दुर्योधन कृष्णाला त्याच्या एकेका कपटाचा जाब विचारतो आणि आकाशातून फुले पडतात ती त्याच्यावर. जिंकलेले पांडव खाली मान घालून उभे. आणि अगदी शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, युधिष्ठिर स्वर्गात शिरतो तर समोर दुर्योधन आधीच बसलेला. धर्मराजाला राग येतो. वाचकालाही यावा, अशीच ती रचना आहे. भासाने ‘ऊरुभङ्ग’मध्ये हाच दुर्योधन घेतला आणि रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संकेत बाजूला ठेवून त्याला प्रेक्षकांसमोर मरू दिले. त्याचा लहान मुलगा दुर्जय सवयीने बापाच्या मांडीवर बसायला येतो, आणि मांडी नाही. तेवढ्या एका हालचालीत भासाने भीमाच्या विजयातला सगळा जल्लोष काढून घेतला. भीमाविरुद्ध एक शब्दही न लिहिता.

एवढी श्रीमंत परंपरा पाठीशी असताना आपल्या नाटककारांनी काय केले?

देवलांचे ‘शारदा’ १८९९ सालचे. म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी देणारा बाप कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. जरठ-कुमारी विवाहावरचे मराठीतले सर्वांत परिणामकारक नाटक, यात वाद नाही. पण भुजंगनाथ हरतो कसा? ऐन लग्नात वधू-वर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. म्हणजे म्हाताऱ्याने पोरीला विकत घेणे चूक, म्हणून लग्न मोडत नाही. गोत्र एक निघाले म्हणून मोडते. गोत्र वेगळे असते तर? हा प्रश्न मी एकदा एका व्याख्यानानंतर विचारला, तेव्हा वक्त्यांनी ‘नाट्यमय योगायोग’ असे उत्तर देऊन चहाकडे मोहरा वळवला. देवलांना दोष देताना मलाही जड जाते. त्या काळच्या मंडपात उभ्या असलेल्या माणसांवर नैतिक युक्तिवादाने काय परिणाम झाला असता? काहीच नाही. गोत्राने झाला. ज्या शास्त्राच्या आधाराने हा व्यवहार चालत होता, त्याच शास्त्राच्या एका कलमाने तो मोडावा, यात देवलांचे व्यवहारज्ञान आहे. तरीही प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि प्रश्न मंडपातच राहतो. (१९२९ च्या ‘शारदा कायद्या’चे नाव या नाटकावरून पडले असे आपल्याकडे अजून अनेकांना वाटते. ते हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. पण ही चूक किती बोलकी आहे! नाटकात गोत्रावर निभावलेले काम लोकांनी मनातल्या मनात कायद्यावर सोपवून पूर्ण केले.)

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची (१९०७) गोष्ट उलटी. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, धीराने घेणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ती बंदी कीचकाच्या उन्मत्त भाषणांवर होती असे मला वाटत नाही. ती त्याच्या मरणावर होती. नुसता दुष्ट राज्यकर्ता कुठल्याही सरकारला चालतो. राज्यकर्ता मरू शकतो आणि मारणारा आपल्यातलाच, स्वयंपाकघरात राबणारा असू शकतो, हे चालत नाही. खाडिलकरांना खल जिवंत माणसांच्या ओळखीचा करायचा होता आणि ते त्यांना साधले. त्या काळाची गरज तीच होती, म्हणून विराटाने नंतर द्रौपदीला काय निरोप पाठवला याची आठवण तेव्हा कुणी काढली नाही, हे समजण्यासारखे आहे. आज तो निरोप मला जास्त आठवतो.

गडकऱ्यांचा तळीराम खल आहे की विनोदी पात्र, यावर पूर्वी पुष्कळ शाई खर्ची पडली. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट मोलाची : सुधाकराच्या हाती प्याला देणारा तळीराम अंथरुणाला खिळतो, डॉक्टर आणि वैद्य त्याच्या उशाशी भांडतात, लोक पोट धरून हसतात, आणि तो गोष्टीतून बाजूला होतो, पण सुधाकराचे पिणे काही थांबत नाही. मूल जाते, सिंधू जाते, अखेर तो स्वतः जातो. पाजणारा गेल्यावरही प्याला हातात राहतो. खल आधीच संपवून त्याच्याशिवाय नाश पुढे चालू ठेवणे, ही रचना गडकऱ्यांच्या सगळ्या कोट्यांपेक्षा मला मोठी वाटते. इथे संकासुर आधी मरतो आणि मग आख्यान सुरू होते.

आता ‘घाशीराम कोतवाल’. या नाटकावर इतके लिहिले गेले आहे, की आणखी एक परिच्छेद लिहायला संकोच वाटतो. तरी त्याला वळसा घालून हा लेख पुढे जाऊ शकत नाही.

घाशीराम खरा. १७९१ साली पुण्यात त्याच्या कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली, लोक खवळले आणि त्याला दगडांनी ठेचून मारले गेले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच त्याच्यावर पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांचे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला आले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. मग वाद, प्रयोग थांबणे, थिएटर अकादमीची स्थापना. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. वाद सगळा नाना फडणिसांच्या चित्रणावरून झाला. माझी तक्रार अशी, की वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी शेवटची दहा मिनिटे नीट पाहिली नाहीत.

त्या दहा मिनिटांत काय घडते? पुण्यात अपमान झालेला, त्या अपमानाची किंमत म्हणून पोटची मुलगी नानाला देऊन कोतवाली मिळवलेला घाशीराम आता निरुपयोगी झाला आहे. जमाव त्याचा जीव मागतो. नाना सही करून देतो. हातचा कोतवाल गेला तर त्याचे काहीच बिघडत नाही. घाशीराम एकटा उभा राहून मार मागतो, जमावाला भेकड म्हणतो, आणि आपल्याला शिक्षा हवी ती मुलीच्या मरणाची, हे कबूल करतो. लोकांनी ज्या गुन्ह्यासाठी दगड उचलले तो गुन्हा वेगळा आणि मरणारा ज्या गुन्ह्यासाठी मरतो तो वेगळा. हे फार महत्त्वाचे आहे. गौरीसाठी त्या जमावातला एकही माणूस आलेला नाही. तिचा न्याय मागणारा एकटा तिचा बापच, आणि गुन्हेगारही तोच. दुसरा गुन्हेगार अजून यायचा आहे. तो येतो, पीडा टळली असे प्रजेला सांगतो आणि तीन दिवसांचा उत्सव जाहीर करतो. नाच पुन्हा सुरू होतो.

म्हणजे नाटकात खलाचा पराभव झाला, अगदी प्रेक्षकांच्या मनासारखा झाला, आणि त्या पराभवाचा लाभार्थी त्याला नेमणारा निघाला. वध आहे, निर्वहण मुद्दाम नाकारले आहे. विराटाच्या दरबारातली परिस्थिती दोन हजार वर्षांनी पुण्यात.

मी हे नाटक पहिल्यांदा एका तालुक्याच्या गावी, हौशी संस्थेने केलेले पाहिले. विशीत होतो. घाशीरामवर दगड पडू लागले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्या आजूबाजूचेही वाजवत होते. दगडफेक संपताच रंगमंचावर अंधार झाला आणि निम्मे लोक उठले. चपला शोधणे, मुलांना उठवणे, शेवटची एसटी. मीही उठलो. नानाचे भाषण मी दाराशी उभा राहून, बाहेर जाणाऱ्यांच्या डोक्यांवरून अर्धेमुर्धे ऐकले. ते पूर्ण वाचले त्यानंतर सात-आठ वर्षांनी. तेही एक घटना घडल्यावर.

मी ज्या पतसंस्थेत तेव्हा कामाला होतो तिथे अफरातफर उघड झाली. वसुलीला जाणारा एक कारकून त्यात होता, हे खरेच. त्याने लोकांना दारात उभे राहून अद्वातद्वा बोललेले होते, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणालाच कळवळा नव्हता. तो निलंबित झाला त्या दिवशी गावातल्या माणसांनी त्याच्या घरासमोर फटाके वाजवले. संध्याकाळी कार्यालयात पेढे आले. ज्यांच्या सहीने कर्जे मंजूर झाली होती त्यांच्यापैकी एकाने ते स्वतःच्या हाताने वाटले. मी पेढा खाल्ला. चवीला चांगला होता. रात्री घरी आल्यावर फळीवरून ‘घाशीराम’ची प्रत काढली आणि शेवटची पाने वाचली.

म्हणून खलाच्या शेवटाचा प्रश्न मला निव्वळ तंत्राचा वाटत नाही. आजच्या कथांमध्ये, मालिकांमध्ये, आणि दिवाळी अंकांत येणाऱ्या कथांमध्येही, खल फार सोयीने मरतो : अपघात, हृदयविकार, नाहीतर ऐनवेळी पोलीस. त्याला उत्तर म्हणून काही तरुण लेखक खलाला जिंकू देतात. तीही मला पळवाटच वाटते. हरवले काय नि जिंकवले काय, गौरीचा हिशेब दोन्हीकडे कोराच. हस्तलिखित वाचायला कुणी दिले तर मी हल्ली एवढेच पाहतो, की खल पडल्यावर लेखक आणखी किती पाने लिहितो आणि त्या पानांत कोण बोलतो. सुटका झालेली व्यक्ती बोलते का? ज्याने खलाला पदावर बसवले तो कुठे आहे? बहुतेक वेळा उरलेली पाने दोन असतात आणि त्यांत लग्न असते.

तेंडुलकरांनी स्वतः तीनच वर्षांनी याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून हात घातला. ‘सामना’ (१९७५) हा चित्रपट जब्बार पटेलांचाच. हिंदुरावाच्या भूमिकेत निळू फुले, मास्तरांच्या भूमिकेत श्रीराम लागू. इथे जमाव नाही, दगड नाहीत. एक दारुडा मास्तर आहे आणि मारुती कांबळेचे काय झाले हा त्याचा एकच प्रश्न. खलाला हरवणारी गोष्ट म्हणजे बळी गेलेल्याचे नाव पुन्हा पुन्हा घेणे. हिंदुराव हरतो. पण चित्रपट पाहून आलेल्या कुणालाही विचारा, त्याला त्याच्या शेवटाआधी तो प्रश्न आठवेल आणि प्रश्नातले नाव आठवेल. ‘घाशीराम’मध्ये गौरीचे नाव विचारणारा कुणी नव्हता. ती उणीव तेंडुलकरांना जाणवली असेल का, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की तसे वाटते, इतकेच.

ज्या हौशी संस्थेचा प्रयोग मी पाहिला होता तिच्या तेव्हाच्या दिग्दर्शकांना मी अलीकडे भेटलो. आता थकले आहेत. लोक दगडफेकीनंतर उठले होते, हे त्यांच्याही लक्षात होते. त्या वर्षी त्यांचे तीनच प्रयोग झाले. पहिल्यात दगडफेकीनंतर केलेला अंधार हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, परिणाम साधावा म्हणून. दुसऱ्या प्रयोगापासून त्यांनी तो काढून टाकला. दिवे तसेच ठेवले, घाशीराम पडला होता तिथेच पडून राहिला आणि नानाला त्यांनी विंगेतून न आणता प्रेक्षकांमधून आणला. लोक उठले नाहीत, असे ते म्हणाले. नाना जवळून जाताना पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी तर त्याला वाट करून देण्यासाठी पाय आत घेतले.